व्हॅनमधला फ्रीज बॅटरी आणि सोलरवर: हिशोब, वायरिंग आणि बिघाड

मध्यरात्री फ्रीज ‘टक्’ करून थांबतो, मिनिटभराने सुरू व्हायला बघतो आणि पुन्हा थांबतो. पहिला संशय बॅटरीवर जातो आणि लोक दुसरी बॅटरी नाहीतर आणखी एक पॅनल घ्यायच्या मागे लागतात. पण दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. वीज वाया जाते ती बारीक वायरमध्ये आणि कॉम्प्रेसरभोवती कोंडलेल्या गरम हवेत. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी फ्रीजचा खप कमी करा आणि तो मोजा, मग वायर नीट टाका, मग बॅटरी ठरवा आणि सगळ्यात शेवटी पॅनल. उलट्या क्रमाने गेलात तर दुप्पट सामान घेऊनही फ्रीज बंद पडतच राहील.

कोणता फ्रीज बॅटरीवर चालतो, कोणता नाही

बॅटरी आणि सोलरवर दिवसरात्र चालवायला १२/२४ व्होल्ट डीसीवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीजच घ्यावा. बाकीचे प्रकार का जमत नाहीत ते आकड्यांतूनच दिसतं.

गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीज (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) १२ व्होल्टवर हीटरसारखा चालतो. १२० वॉटचा हीटर म्हणजे सतत १० अँपिअर, चोवीस तासांत २४० अँपिअर-तास. शिवाय कित्येक मॉडेलमध्ये १२ व्होल्टवर थर्मोस्टॅटच काम करत नाही, त्यामुळे तो थांबतही नाही. हा फ्रीज गॅसवर उत्तम चालतो. १२ व्होल्टवर तो फक्त गाडी चालू असतानाच वापरायचा असतो.

गाडीच्या लायटरच्या प्लगवर चालणारे स्वस्त कूलर पेल्टिअर पद्धतीचे (कॉम्प्रेसर नसलेले, विजेच्या चिपने थंड करणारे) असतात. ते ४० ते ६० वॉट सतत खातात आणि बाहेरच्या तापमानापेक्षा जेमतेम १५ ते २० अंश खाली जातात. बाहेर ३८ अंश असेल तर आत २० अंशांच्या आसपास, म्हणजे दूध नासणार.

घरचा फ्रीज इन्व्हर्टरवर चालवता येतो, पण हजार वॉटच्या इन्व्हर्टरला नुसतं चालू राहायलाच १० ते २० वॉट लागतात. दिवसाचे २४० ते ४८० वॉट-तास फ्रीज सुरू होण्याआधीच गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, तो इन्व्हर्टरला पेलायला हवा हे वेगळंच.

डीसी कॉम्प्रेसरमध्येही वरून झाकण उघडणारा पेटीसारखा फ्रीज समोरून दार उघडणाऱ्यापेक्षा कमी वीज खातो, कारण झाकण उघडलं तरी थंड हवा आतच बसून राहते. जागा असेल तर हाच घ्या.

खपाचा हिशोब

फ्रीजवर लिहिलेले वॉट सतत लागत नाहीत. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ३.६ अँपिअर घेतो, आणि आतलं तापमान गाठलं की थांबतो. बाहेर २५ अंश असताना चांगला बसवलेला फ्रीज दिवसाचे साधारण ८ तास चालतो: ४५ × ८ = ३६० वॉट-तास. बाहेर ४० अंशांच्या पुढे गेलं, की तोच फ्रीज १३ तास चालतो: ५८५ वॉट-तास. हिशोब नेहमी गरम दिवसाचा करा. इथून पुढे दिवसाला ६०० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर-तास धरले आहेत.

फ्रीज हाताशी असेल तर अंदाज कशाला? डीसी वॉटमीटर मध्ये जोडा, फ्रीज भरून गाडीत ठेवा आणि पूर्ण चोवीस तासांचे वॉट-तास वाचा. पहिले काही तास मोजू नका. गरम फ्रीज थंड होताना कॉम्प्रेसर सतत चालतो आणि आकडा फुगतो.

थर्मोस्टॅट ४ ते ५ अंशांवर ठेवा. त्याच फ्रीजला उणे १८ वर फ्रीझर म्हणून वापरायचं असेल तर वरचा हिशोब बाजूला ठेवून नव्याने मोजा, खप दुपटीच्या घरात सहज जातो. निघण्याआधी एक रात्र फ्रीज घरच्या विजेवर लावून थंड करा आणि सामानही थंड झालेलंच भरा. खोलीच्या तापमानाच्या पाण्याच्या डझनभर बाटल्या थंड करायला बॅटरीतून बरीच वीज जाते.

गरम हवेला वाट

फ्रीज उष्णता संपवत नाही, आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. ती जाळी लाकडी कपाटात कोंडली, तर तीच गरम हवा पुन्हा पंख्यातून फिरत राहते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. कपाटाला खाली एक आणि वर एक अशी दोन भोकं हवीत, प्रत्येकी किमान २०० चौरस सेंटिमीटर मोकळी. भोकांवर जाळी बसवली तर तिच्या तारांनी अडवलेली जागा या मापातून वजा होते, हे लक्षात ठेवा. खालची हवा गाडीच्या सावलीतल्या भागातून घ्या. कॉम्प्रेसरच्या पंख्याची हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते कागदाचा कपटा धरून बघा आणि दोन्ही वाटांमध्ये फोमची पट्टी लावून आडोसा करा, म्हणजे बाहेर पडलेली हवा पुन्हा आत ओढली जाणार नाही.

फ्रीजच्या बाजूंना २५ ते ३० मिलिमीटरचा फोम लावला तर खप चांगलाच उतरतो. पण आधी एक तपासणी कराच. फ्रीज अर्धा तास चालवा आणि बाजूच्या पत्र्यांवर तळहात फिरवा. काही फ्रीजमध्ये, विशेषतः पेटीसारख्या, उष्णता बाहेर टाकणारी नळी पत्र्याच्या आतूनच फिरवलेली असते. पत्रा कोमट लागला तर त्या बाजूला फोम अजिबात लावू नका, हवेसाठी फट ठेवा. तिथे फोम लावणं म्हणजे उष्णतेची वाट बंद करणं.

वायर: सगळ्यात दुर्लक्षित भाग

१२ व्होल्टला प्रत्येक दशांश व्होल्टची किंमत आहे. बॅटरीपासून फ्रीज ५ मीटरवर असेल तर प्रवाहाचा जाऊन-येऊन रस्ता १० मीटर होतो. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा एवढ्या लांबीत रोध साधारण ०.११७ ओहम. ५ अँपिअरला ०.५८ व्होल्ट वायरीतच पडतात, आणि सुरू होण्याच्या क्षणी प्रवाह १० अँपिअर धरला तर १.१७ व्होल्ट. त्यात सिगारेट लायटरचं सॉकेट असेल तर त्याच्या सैल स्प्रिंगमध्ये आणखी अर्धा व्होल्ट. बॅटरीवर १२ व्होल्ट असताना फ्रीजच्या टोकाला १०.३ पोचले.

आता सुरुवातीचं ‘टक्’ समजतं. फ्रीजच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बॅटरी वाचवणारी सोय असते. बऱ्याच फ्रीजमध्ये साधारण १०.४ व्होल्टला कॉम्प्रेसर बंद होतो आणि ११.७ ला पुन्हा चालू होतो. बंद होताच वायरीतला प्रवाह थांबतो, पडलेले व्होल्ट परत येतात, फ्रीजला १२ दिसतात, तो पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा पडतो. बॅटरी अर्धी भरलेली असूनही हा खेळ रात्रभर चालतो.

सिकॉप, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉस, कॉम्प्रेसरसाठी १२ व्होल्टला वायरचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे: बॅटरी ते फ्रीज २.५ मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम, ४ मीटरपर्यंत ४, ६ मीटरपर्यंत ६ आणि १० मीटरपर्यंत १०. २४ व्होल्टच्या गाडीत त्याच वायरला दुप्पट लांबी चालते. ५ मीटरला ६ स्क्वेअर एमएम टाकली तर १० अँपिअरला पडझड ०.३ व्होल्टपेक्षा कमी राहते.

फ्रीजची लाइन वेगळीच ठेवा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही वायर फ्यूज बॉक्स आणि बसबारपासून (निगेटिव्ह वायरी एकत्र जोडायच्या पट्टीपासून) थेट फ्रीजपर्यंत न्या, परतीसाठी गाडीचा सांगाडा वापरू नका. पंप, दिवे, मोबाइल चार्जर यांपैकी काहीही त्या लाइनवर जोडू नका. फ्यूज १२ व्होल्टला १५ अँपिअरचा, २४ ला साडेसातचा, आणि तो बॅटरीच्या बाजूला. फ्यूज वायर वाचवायला असतो, म्हणून फ्रीजजवळ लावून उपयोग नाही. लायटरचा प्लग कापून टाका आणि फ्रीज हलवायचा असेल तर अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारा, काढता-घालता येणारा जोड) लावा, नाहीतर लगने (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोकाने) कायमचा जोडा.

लग दाबायला पक्कड नको, रॅचेटचं क्रिम्पिंग टूल हवं. दाबल्यावर वायर जोर लावून ओढून बघा. निसटली तर ती आत्ताच निसटलेली बरी. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते.

बॅटरी किती आणि कोणती

गाडीच्या स्टार्टर बॅटरीवर फ्रीज चालवू नका. ती क्षणभर मोठा प्रवाह द्यायला बनवलेली असते. वारंवार खोलवर उतरवली की लवकर मरते, आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही.

१०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२.८ व्होल्टने १२८० वॉट-तास असतात. ८० ते ९० टक्के वापरायचे धरले तर १०२४ ते ११५०. फक्त फ्रीज असेल तर ऊन नसतानाही गरमीचे पावणेदोन दिवस निघतात. लेड-अ‍ॅसिड किंवा एजीएमची (लेड-अ‍ॅसिडचाच बंद प्रकार) निम्मीच क्षमता वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० अँपिअर-तासांत ६०० वॉट-तास, एकच दिवस. तेवढ्याच कामाला २०० अँपिअर-तासांची एजीएम लागेल आणि तिचं वजन साठ किलोच्या आसपास जाईल. १०० ची लिथियम बारा-तेरा किलोत बसते.

सोलरच्या बाबतीत लेड-अ‍ॅसिडची आणखी एक अडचण आहे, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. तिचे शेवटचे वीसेक टक्के भरायला कितीतरी तास लागतात. तोवर ऊन उतरतं. रोज थोडी अपुरी भरत राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरीची क्षमता घटत जाते. लिथियमला अर्धवट भरलेलं राहण्याचा त्रास नाही. तिचा शत्रू थंडी: शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. थंड प्रदेशात जायचं असेल तर बीएमएसमध्ये (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटमध्ये) कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे याची घेण्याआधी खात्री करा आणि बॅटरी राहत्या भागात ठेवा.

बॅटरी किती उरली ते लेड-अ‍ॅसिडमध्ये व्होल्टवरून कळतं: विसावलेली असताना १२.७ पूर्ण, १२.२ अर्धी. लिथियममध्ये ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत व्होल्ट ०.३ च्या आसपासच हलतात, तिथे व्होल्टमीटर काही सांगत नाही. शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून टक्के दाखवणारा मीटर, लावा. शंट निगेटिव्ह बाजूला बसतो आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला शंटची एकच वायर असली पाहिजे. सोलर कंट्रोलरची (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणाऱ्या डब्याची) किंवा इन्व्हर्टरची निगेटिव्ह थेट बॅटरीला जोडली तर तो प्रवाह शंटला दिसतच नाही आणि टक्के चुकत जातात.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० सेंटिमीटरच्या आत. लिथियमवर शॉर्ट झालं तर हजारो अँपिअर वाहतात आणि साधा पात्याचा फ्यूज वितळूनही आत ठिणगी पेटती राहते. बॅटरीच्या टोकावरच बसणारे एमआरबीएफ फ्यूज १४ व्होल्टला १० किलोअँपिअर तोडू शकतात; तसा किंवा क्लास टी प्रकारचा फ्यूज घ्या.

पॅनल आणि कंट्रोलर

टपावर सपाट बसवलेलं २०० वॉटचं पॅनल उन्हाळ्यात, ५ तासांच्या पूर्ण उन्हाएवढा प्रकाश मिळेल अशा दिवशी, किती देतं? २०० × ५ × ०.७ = ७०० वॉट-तास. ०.७ मध्ये धूळ, सपाट बसवणं, वायर, कंट्रोलर आणि पॅनलचं तापणं हे सगळं आलं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनलची शक्ती ०.३५ ते ०.४ टक्के उतरते, आणि टपावर पॅनल ६० ते ६५ अंशांपर्यंत सहज जातं. म्हणून पॅनल आणि टप यांत निदान ३ सेंटिमीटरची फट ठेवा. टपाला चिकटवायची लवचीक पॅनल याच कारणाने कमी वीज देतात आणि लवकर खराब होतात. वजनाचा किंवा उंचीचा खरोखर प्रश्न नसेल तर काच आणि चौकटीचंच पॅनल घ्या.

दाट ढगांत तेच पॅनल १५० वॉट-तासांवर येतं. वरच्या अक्षांशांवर हिवाळ्यात पूर्ण उन्हाचा एक तासही भरत नाही. तिथे टपावर आणखी पॅनल लावण्यापेक्षा इंजिनवरून चार्ज करण्याची सोय जास्त उपयोगी पडते.

सावलीचा फटका आकाराच्या मानाने फार मोठा बसतो. १०० वॉटच्या पॅनलमध्ये साधारण दोन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे) असतात, त्यामुळे टपावरच्या पंख्याची हातभर सावली काही सेलवर पडली तरी अर्धं पॅनल बाद होतं. जागा ठरवण्याआधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टपावरच्या सावल्या खडूने आखून घ्या.

१०० वॉटची दोन पॅनल असतील तर झाडाखाली थांबणाऱ्यांनी ती पॅरलल जोडावीत, मोकळ्यावर थांबणाऱ्यांनी सिरीजमध्ये. सिरीजमध्ये प्रवाह निम्मा राहतो आणि वायरमधली हानी एक चतुर्थांशावर येते. पण आधी व्होल्टचा हिशोब करा. १२ व्होल्टच्या पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता टोकांवर मिळणारे व्होल्ट) २२ च्या आसपास असतो. दोनांचे ४४, आणि उणे १० अंशांच्या सकाळी दहा टक्के वाढून ४८. ७५ व्होल्टपर्यंत घेणाऱ्या कंट्रोलरला चालतं. घरांवर लावतात ती ४० व्होल्टची दोन मोठी पॅनल सिरीज केली, तर ८० व्होल्ट होतात आणि तो कंट्रोलर पहिल्याच उन्हात जळतो.

कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या, पीडब्ल्यूएम नको. पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टवर ओढून आणतो, त्यामुळे १८ व्होल्टला ११ अँपिअर देणारं पॅनल १३ व्होल्टला ११ च देतं, २०० वॉटचे १४३. एमपीपीटी तेवढ्याच उन्हात १५ अँपिअरच्या जवळ जातो. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा, मधली वायर ६ स्क्वेअर एमएम आणि २० अँपिअरचा फ्यूज.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. कंट्रोलर बॅटरी बघूनच १२ का २४ ते ठरवतो, आणि बॅटरी नसताना पॅनलच्या विजेला जायला जागा नसते. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये लिथियमसाठी अ‍ॅब्सॉर्प्शन (भरत आणतानाचे व्होल्ट) १४.२, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचे व्होल्ट) १३.५, तापमान भरपाई (तापमानानुसार व्होल्ट बदलणं) शून्य, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्ट देऊन लेड-अ‍ॅसिडचे सेल समान करणं) बंद. एजीएमसाठी बॅटरीवर छापलेले आकडे, सहसा १४.४ ते १४.७ आणि फ्लोट १३.६ ते १३.८, आणि भरपाई चालू.

इंजिनवरून चार्जिंग

सलग ढगाळ दिवसांसाठी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनवरची वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टने देणारा) लावा. दोन तासांच्या प्रवासात ६० अँपिअर-तास येतात, म्हणजे फ्रीजचा एक गरम दिवस. साध्या रिलेने दोन बॅटऱ्या जोडण्याचा जुना मार्ग लिथियमला धोक्याचा आहे. ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर मधूनमधून व्होल्ट इतके उतरवतो की बॅटरी भरतच नाही. ३० अँपिअर बाहेर देणारा चार्जर आत ३८ च्या आसपास घेतो. ५ मीटरला १६ स्क्वेअर एमएम वायर टाका. या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना लागतो. एक विसरला तर त्या बाजूने वायरीला संरक्षणच राहत नाही.

बिघाड शोधताना

मल्टिमीटर फ्रीजच्या टोकाला लावून कॉम्प्रेसर सुरू होण्याची वाट बघा, आणि त्याच क्षणी दुसऱ्याला बॅटरीच्या टोकावरचा आकडा वाचायला सांगा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष वायरमध्ये किंवा जोडात आहे. मग तुकड्यातुकड्याने मोजत जा: बॅटरी ते फ्यूजची बाहेरची बाजू, तिथून कनेक्टर, तिथून फ्रीज. निगेटिव्हची बाजूही तशीच मोजा. ती लोक विसरतात. कॉम्प्रेसर दहा मिनिटं चालल्यावर हाताला गरम लागणारा जोड हाच बहुधा गुन्हेगार असतो.

सिकॉप कॉम्प्रेसरच्या कंट्रोल बॉक्सवर एलईडी असेल तर त्याच्या लुकलुकण्यावरून कारण कळतं. एकदा: व्होल्ट कमी. दोनदा: पंखा जास्त प्रवाह घेतोय, बहुधा अडकलाय. तीनदा: मोटर सुरू होत नाही, थोडा वेळ बंद ठेवून गॅसचा दाब समान होऊ द्या. चारदा: मोटरचा वेग किमानाच्या खाली जातोय, भार जास्त आहे. पाचदा: कंट्रोल बॉक्स तापलाय, म्हणजे हवा जाण्या-येण्याची वाट तपासा.

व्होल्ट ठीक असूनही फ्रीज थांबत नसेल तर दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून थंडी गळते आहे. आत बर्फाचा थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला असेल तर फ्रीज बंद करून वितळवा, चाकूने खरवडू नका. रबर, बर्फ, हवा सगळं नीट असूनही कॉम्प्रेसर चोवीस तास चालतोय आणि आतल्या थंड प्लेटच्या एकाच कोपऱ्यात दव धरतंय, बाकी प्लेट कोरडी आणि कोमट आहे, तर गॅस गळला आहे. तिथे वायर आणि बॅटरी तपासत बसू नका. गळती शोधून, ती बुजवून, वजनाने गॅस भरून देणाऱ्या रेफ्रिजरेशनच्या कारागिराकडे फ्रीज न्या.